अमेरिकेतल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाला ती जमीन फुकट का मिळाली नाही?
"जमीन सरकारचीच, मग उद्यान करायला पैसे कसले?" अमेरिकेत हा समज जुना आहे आणि चुकीचाही. 1890 मध्ये वायोमिंग राज्य झालं, तेव्हा प्रत्येक टाउनशिपमधले (जमीन मोजणीचा सहा बाय सहा मैलांचा चौकोन) 16 आणि 36 नंबरचे चौरस मैल त्याला शाळांसाठी मिळाले. राज्य इथे मालक कमी, विश्वस्त जास्त; अशा जमिनी दान करता येत नाहीत. म्हणून ग्रँड टेटन उद्यानाच्या हद्दीतला, केली गावाजवळचा 640 एकरांचा तुकडा (समोर बर्फाळ सुळके, मधून प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याच्या कळपांची वाट) डिसेंबर 2024 मध्ये केंद्राला चक्क 10 कोटी डॉलर मोजून घ्यावा लागला. त्यातले 3.76 कोटी देणगीदारांचे. आधी चराईच्या भाड्यातून शाळांना मिळायची ती निव्वळ चिल्लर.