दात जातो, मागोमाग हाडही जातं

"दाढ काढून १५ वर्षं झाली. आता इम्प्लांट बसेल का?" असं विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना वाटतं, वेळ गेली, वय झालं. काहींना वाटतं, एक स्क्रूच तर बसवायचाय, कधीही बसेल. नुसतं वय आड येत नाही. ऐंशीतल्या माणसांनाही इम्प्लांट बसवतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर कृत्रिम दात बसवतात. खरा प्रश्न आहे तो या स्क्रूला धरून ठेवणाऱ्या हाडाचा, आणि या हाडाची गोष्ट मला फार आवडते.

जबड्याचा जो कंगोरा दातांना धरून असतो, तो दातांबरोबरच वाढतो. जिथे दात मुळात तयारच होत नाही, तिथे हा कंगोराही नीट भरत नाही. दात या हाडाला चिकटलेला नसतो. साधारण ०.२ मिलिमीटरच्या फटीत असंख्य सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांवर तो टांगलेला असतो. आपण घास चावतो तेव्हा हे तंतू ताणले जातात आणि दात ज्यात बसतो त्या हाडातल्या खाचेच्या भिंतीला हिसका बसतो. रोज हजारो हिसके. हाडाला जागं ठेवतात ते हेच.

हाडाला हे कळतं कसं? हाडाच्या आत ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी पुरल्यासारख्या बसलेल्या असतात. त्यांचे हात केसाहूनही बारीक नळ्यांमधून एकमेकींपर्यंत पोचतात आणि त्या नळ्यांत द्रव असतो. भार आला की हाड किंचित वाकतं, द्रव हलतो आणि पेशींना तो प्रवाह जाणवतो. एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडतात. हाड बांधणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. भार जाणवला की स्क्लेरोस्टिन कमी होतं आणि बांधकाम चालू राहतं. भारच आला नाही तर आवर घट्ट होतो, शिवाय रँकल नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. ऑस्टिओक्लास्ट हाडावर घट्ट बसते, आपल्याखाली एक बंद कप्पा करते आणि त्यात आम्ल सोडते. आम्लात खनिज विरघळतं, उरलेले कोलॅजेन या प्रथिनाचे धागे विकर (एन्झाइम) कापून काढतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड दरमहा सुमारे १ ते १.५ टक्का झिजतं, तेही भार नसल्यामुळेच. भाराप्रमाणे हाड घडतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडलं होतं.

दात काढला की तंतू गेले, हिसके गेले. खाचेचं जे अस्तर फक्त तंतूंना रोवायला होतं, ते आधी विरघळतं. गालाच्या बाजूची भिंत पुढच्या दातांपाशी अनेकदा १ मिलिमीटरहूनही पातळ असते आणि बरीचशी याच अस्तराची बनलेली असते, म्हणून कंगोरा त्या बाजूने आत खचतो. पहिल्या वर्षात त्याची जवळजवळ निम्मी रुंदी जाते, आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत. पुढे झीज मंदावते. म्हणजे १५ वर्षांनी विचारणाऱ्याचं बरंचसं नुकसान पहिल्याच वर्षात होऊन गेलेलं असतं! कवळी वापरणाऱ्याची झीज मात्र चालूच राहते, कारण कवळी हाडाला ताण देत नाही, हिरडीवरून नुसती दाबते.

वरच्या दाढा काढल्या की डोळे अधू होतात, ही समजूत अजून ऐकू येते. दातांच्या संवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेतून जातात, दृष्टी दुसऱ्या चेतेतून. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. वरची दाढ गेल्यावर बदलतो तो तिच्या माथ्यावरचा सायनस. ही हवेची पोकळी हळूहळू खाली पसरते आणि हाडाची उंची वरूनही कमी होते.

इम्प्लांट हाडात रुजतो, याचा शोध अपघाताने लागला. १९५० च्या दशकात स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर टायटॅनियमचं उपकरण निघेचना. हाड त्याला घट्ट धरून होतं. टायटॅनियमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप चढतो आणि हाडाच्या पेशींना तो परका वाटत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले; ते ४० वर्षं टिकले. अट एकच, रुजताना स्क्रू हलता कामा नये. सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिलिमीटर) जास्त हलला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती तयार होते. 'एका दिवसात पक्के दात' या जाहिरातींनी मला म्हणूनच चीड येते. त्या दिवशी बसतो तो बहुधा तात्पुरता दात, आणि तोही हाड भक्कम असेल तरच. पेशींचं काम महिन्यांच्या हिशोबानेच होतं.

हाड कमी असेल तर हाडाचं कलम करतात, सायनसचा पडदा उचलून खाली हाडाची भुकटी भरतात किंवा आखूड इम्प्लांट वापरतात. अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान आणि हाडं ठिसूळ होण्यावरची काही औषधं यांचा विचार आधी करावा लागतो. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलले असतील, समोरच्या जबड्यातला दात त्या जागेकडे लांबला असेल, तर तेही आधी सुधारावं लागतं.

तपासणीत साध्या एक्स-रेवर थांबू नका, सीबीसीटी स्कॅनबद्दल (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन) विचारा. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. आणि जुन्या रिकाम्या जागेत सर्वात जास्त गेलेली असते ती रुंदीच.