गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ असतं का?

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘जर्मन लक्झरी गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं असतं, बदललंत तर गिअरबॉक्स जातो.’

समज निराधार नाही. सर्व्हिस पुस्तिकेतच अनेकदा तसं छापलेलं असतं. पण गिअरबॉक्स बनवणारे स्वतः साधारण 80,000 ते 1,20,000 किमीला किंवा 8 वर्षांनी बदल सुचवतात. तेल उष्णतेने खराब होतं, आणि घोडबंदर रोडवर रोज तासभर रांगणाऱ्या गाडीत उष्णता भरपूर.

मग बदलल्यावर गिअरबॉक्स ‘गेला’ असं का ऐकू येतं? बहुतेकदा गिअर घसरायला लागल्यावरच तेल बदललेलं असतं; गिअरबॉक्सच्या आतले क्लच आधीच झिजलेले असतात. दुसरं कारण म्हणजे चुकीचं तेल किंवा चुकीची पातळी.

तेलाची अवस्था तपासता येते. मेकॅनिककडून थोडं तेल काढून पांढऱ्या टिश्यूवर घ्या. काळपट आणि जळका वास असेल, तर वेळ झाली. पॅन (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) उघडल्यावर त्यातल्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा दिसणं साहजिक. चमकणारे तुकडे दिसले, तर आधी दुरुस्तीचा विचार करा.

काम करून घेताना भरण्याचा बोल्ट आधी सैल करायला सांगा. तो अडकला आणि तेल आधीच काढलेलं असलं, तर गाडी तिथेच! अनेक सहा गिअरच्या गाड्यांत प्लास्टिकचा पॅन फिल्टरसकट बदलतात. तेल काढलं तरी सुमारे निम्मं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा तेलभरला भाग) राहतं. पातळी मात्र इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेतल्या तापमानालाच (अनेकदा 30 ते 50 अंश) बघायची.