हा रंग खरा आहे का? सह्याद्रीची छायाचित्रे घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून भिंतीसाठी सह्याद्रीचे छायाचित्र घेणारे बहुतेक ग्राहक ते हातात धरून एकच प्रश्न विचारतात : "हा रंग खरा आहे का?" प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांला योग्य वाटत नाही. आम्ही दोघे भागीदार स्वतः डोंगरात जाऊन ही छायाचित्रे घेतो, संगणकावरील कामही स्वतःच करतो आणि छपाई होत असताना यंत्रापाशी उभे असतो. त्यामुळे कोणत्या चित्रात डोळ्यांना दिसले तेच उतरले आहे आणि कोणत्या चित्रात कॅमेऱ्याने डोळ्यांपेक्षा काही वेगळे दाखवले आहे, हे आम्हांला नेमके ठाऊक असते. ते आपल्यालाही ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक.

पावसाळ्यातला हिरवा रंग

सर्वांत जास्त शंका हिरव्या रंगाविषयी येतात. ताम्हिणी घाटात जुलैमध्ये घेतलेली आमची चित्रे पाहून अनेकांना वाटते की हिरवा रंग वरून चढवला आहे. प्रत्यक्षात ओल्या पानावर ढगाळ आकाशाचा पांढुरका उजेड पडून परततो आणि त्या चकाकीखाली पानाचा मूळ रंग झाकला जातो. भिंगापुढे पोलरायझर ही फिरती काच लावून ती योग्य कोनात आणली, की ही चकाकी बरीच कमी होते व पानाचा स्वतःचा रंग दिसू लागतो. म्हणजे रंग भरलेला नसतो, त्यावरचा उजेड दूर केलेला असतो. मात्र त्याच जागी आपण उभे असता, तर आपल्याला तो हिरवा थोडा फिकाच दिसला असता, हेही तितकेच खरे. धबधब्याच्या चित्रात पाणी रेशमासारखे दिसते, कारण कॅमेऱ्यात उजेड आत सोडणारा पडदा (शटर) एक-दोन सेकंद उघडा ठेवलेला असतो. तसे पाणी डोळ्यांना कधीच दिसत नाही.

कासचे ताटवे

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांमध्ये आहे. जांभ्या खडकावरच्या मातीच्या पातळ थरात ही फुले उगवतात आणि पायाखाली आलेला तो थर पुन्हा सावरायला फार वेळ लागतो, म्हणून आम्ही आखलेली वाट सोडत नाही. परिणामी दूरचा ताटवा लांब पल्ल्याच्या भिंगानेच टिपावा लागतो. या भिंगाने पुढची व मागची फुले एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि तेरड्याचा गुलाबी किंवा सोनकीचा पिवळा ताटवा प्रत्यक्षापेक्षा दाट भासतो. ज्यांनी आमचे चित्र पाहून कासला जायचे ठरवले असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे फुलांच्या मध्ये गवत, पाणथळ जागा आणि उघडा खडकही दिसेल, आणि आमच्या मते ते पठार तसेच अधिक सुंदर आहे. कारवीच्या बहराचे चित्र दरवर्षी नवे का नसते, असेही विचारले जाते. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा पुढच्या बहराची वाट आपल्याबरोबर आम्हीही पाहत असतो.

इंद्रवज्राच्या मधली सावली

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर घेतलेल्या इंद्रवज्राच्या चित्राबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण त्याविषयी एका ग्राहकाने केलेली मागणी आम्ही नाकारली होती. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असताना समोरची दरी धुक्याने भरलेली असेल, तर धुक्याच्या बारीक थेंबांवरून उजेड मागे वळतो आणि गोल, रंगीत कडे दिसते. तेच इंद्रवज्र. त्याच्या बाहेरच्या कडेला तांबूस व आतल्या बाजूला निळसर छटा असते. यासाठी धुके कड्याच्या खाली राहावे लागते. ते वर आले तर सूर्यच झाकतो आणि पांगले तर कडे दिसायला पडदाच उरत नाही. आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस सलग तीन पहाटे कड्यापासून सुरक्षित अंतरावर ट्रायपॉड लावून बसलो. पहिल्या दोन दिवशी धुके वर आले आणि भिंगावर दव पुसण्याखेरीज हाती काही लागले नाही. तिसऱ्या दिवशी इंद्रवज्र उमटले, पुसट झाले, पुन्हा उमटले आणि चार-पाच मिनिटांत नाहीसे झाले.

त्या चित्रात रंगीत कड्याच्या मधोमध एक काळी मानवी सावली आहे. ती पुसून द्यावी, म्हणजे दिवाणखान्यात चित्र अधिक स्वच्छ दिसेल, अशी त्या ग्राहकाची इच्छा होती. परंतु रंगीत कड्याचे केंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे पाहणाऱ्याच्या स्वतःच्या सावलीच्या मस्तकाशी असते. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भागीदाराने कडे पाहिले ते स्वतःच्या सावलीभोवती, आणि कॅमेऱ्याने टिपले ते कॅमेऱ्याच्या सावलीभोवती. सावली काढून टाकली असती, तर त्या सकाळी तिथे न दिसलेली वस्तू आम्ही इंद्रवज्र म्हणून विकली असती.

काजव्यांची चित्रे : येथे डोळा आणि कॅमेरा वेगळे

भंडारदरा परिसरात मे अखेरपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे चमकतात. आमच्या चित्रात झाड शेकडो ठिपक्यांनी भरलेले दिसते, ते दृश्य एका क्षणाचे नाही. ट्रायपॉड जराही न हलवता ३० सेकंदांची एक अशी ६० छायाचित्रे घेऊन ती एकमेकांवर ठेवलेली आहेत, म्हणजेच अर्ध्या तासातले सगळे चमकणे एकत्र दिसते. काजवे प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधत असल्यामुळे आम्ही विजेरी किंवा फ्लॅश वापरत नाही. एका वर्षी वाटेवरून सतत येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांमुळे आम्हांला एकही चित्र न घेता परतावे लागले. त्या वर्षीचे चित्र आमच्याकडे नाही आणि जुन्या चित्रावर नवे साल घालून ते देणे आम्हांला मान्य नव्हते.

संगणकावर आम्ही क्षितिज सरळ करतो, भिंगावरच्या धुळीचे डाग काढतो आणि गडद सावलीतला तपशील थोडा उघडतो, कारण उजेड व सावली एकाच वेळी पाहण्याची डोळ्याची क्षमता कॅमेऱ्यापेक्षा अधिक असते. आकाश बदलणे, चंद्र किंवा पक्षी बसवणे, विजेच्या तारा पुसणे हे आम्ही करत नाही. तार नको असेल तर उभे राहण्याची जागा बदलतो.

घरी नेल्यावर

दुकानात पाहिलेला निळसर धुक्याचा रंग घरी मळकट दिसतो, अशी तक्रार कधीकधी येते. बहुतेक वेळा त्याचे कारण पिवळा दिवा असतो. केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचे माप आहे; २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली निळा दबतो. ४००० केल्विनच्या आसपासचा पांढरट दिवा लावून किंवा दिवसा खिडकीजवळ चित्र पाहून मग मत ठरवावे. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाशतो आणि कागद केवळ पडलेला उजेड परत देतो, म्हणून छापील चित्र नेहमीच किंचित शांत दिसेल.

आकाराबद्दल थोडक्यात : ६००० बाय ४००० पिक्सेलचे चित्र इंचाला ३०० ठिपक्यांनी २० बाय १३ इंचांपर्यंत छापता येते. त्याहून मोठे हवे असेल, तर ते पाच-सहा फुटांवरून पाहिले जाईल अशी जागा निवडावी. थेट ऊन येणारी भिंत टाळावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना आम्ही दिलेल्या रबरी गुट्ट्या लावाव्यात, म्हणजे मागे हवा खेळती राहून कागदाला बुरशी लागण्याचा धोका कमी होईल. काच पुसताना पाणी थेट काचेवर न फवारता कापडावर घ्यावे.

प्रत्येक चौकटीच्या मागे चिठ्ठी चिकटवलेली असते. तीवर ठिकाण, महिना, वेळ, पडदा किती वेळ उघडा होता आणि चित्र एकच आहे की अनेक चित्रे जोडलेली आहेत, हे लिहिलेले असते. दुर्मीळ फुले व काजव्यांची झाडे यांच्याबाबतीत आम्ही फक्त तालुक्याचे नाव देतो, नेमकी जागा देत नाही. घेतलेल्या चित्राची कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल आमच्याकडे जपून ठेवलेली असते. शंका वाटल्यास दुकानात येऊन ती छापील चित्राच्या शेजारी ठेवून पाहावी.