पीएच इलेक्ट्रोडचा बल्ब ओला का ठेवावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पीएच म्हणजे द्रावणाची आम्लता मोजणारा इलेक्ट्रोड कोरडा ठेवू नये आणि त्याच्या टोकाचा काचेचा बल्ब पुसू नये, या आमच्या दोन सूचनांचे कारण ग्राहक वारंवार विचारतात. ‘सूचना आहे म्हणून पाळा’ हे उत्तर आम्हालाच पटत नसल्यामुळे, कारण येथे थोडे विस्ताराने दिले आहे.

घन पदार्थ द्रवात बुडाला की बहुधा त्याच्या पृष्ठभागावर प्रभार येतो आणि द्रवातील विरुद्ध प्रभाराचे आयन त्याच्याजवळ गोळा होतात. या रचनेला विद्युत दुहेरी थर म्हणतात. हे आयन पृष्ठभागाला चिकटून एका ओळीत उभे नसतात, तर आत द्रवाकडे विरळ होत जातात, हे गुई यांनी १९१० मध्ये व चॅपमन यांनी १९१३ मध्ये मांडले. मिठाच्या ०.१ मोलर द्रावणात या थराची जाडी जेमतेम १ नॅनोमीटर असते.

बल्बची काच पाण्यात मुरली की तिच्या पृष्ठभागावर जेलसारखा पातळ थर तयार होतो. त्यातील सोडियम किंवा लिथियमचे आयन द्रवात जातात आणि त्यांच्या जागी हायड्रोजनचे आयन बसतात. द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत, त्यावर ही देवाणघेवाण कोठे स्थिरावेल हे ठरते आणि त्यानुसार काच आणि द्रव यांच्या सीमेवरचे, जिथे वर सांगितलेला दुहेरी थर असतो तिथले, विभवांतर (व्होल्टेज) बदलते. पीएच एकाने बदलला की २५ अंश सेल्सिअसला ते सैद्धांतिकदृष्ट्या ५९.१६ मिलिव्होल्टने बदलते. हायड्रोजन आयन काचेतून आरपार जातात, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. काचेच्या आत प्रभार वाहून नेण्याचे काम सोडियम-लिथियमचे आयनच करतात आणि इलेक्ट्रॉनचा संबंध थेट इलेक्ट्रोडच्या आतल्या द्रावणात बुडालेल्या, सिल्व्हर क्लोराइडचा लेप असलेल्या चांदीच्या तारेपाशी येतो, जिथे सिल्व्हर क्लोराइडचा कण इलेक्ट्रॉन घेऊन चांदी होतो व क्लोराइड आयन द्रवात सोडतो, किंवा याच्या उलट घडते.

बल्ब वाळला की जेलचा थर आक्रसतो, देवाणघेवाण मंदावते आणि रीडिंग बराच वेळ सरकत राहते. असा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवल्यास बहुधा पूर्ववत होतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मात्र तो ठेवू नये, कारण त्यात काचेतील आणि आतल्या द्रावणातील आयन हळूहळू झिरपून जातात.

कोरड्या टिश्यूने बल्ब घासल्यास काचेवर स्थिर विद्युत साचते. बल्बचा रोध शेकडो मेगओहम असल्यामुळे हा प्रभार लवकर ओसरत नाही. म्हणून बल्ब धुऊन टिश्यू नुसता टेकवावा आणि थेंब टिपून घ्यावा. याच मोठ्या रोधामुळे कनेक्टरला लागलेला घामट हातही रीडिंग बिघडवू शकतो.

टोपणाभोवती जमणारे पांढरे स्फटिक पाहून इलेक्ट्रोड गळतो आहे अशी तक्रार येते. ते वाळलेले पोटॅशियम क्लोराइड असते. पाण्याने धुवावे, नखाने खरवडू नये. ओरखडा पडलेला बल्ब आम्ही बदलून देत नाही.