डब्याच्या आत, तरी परिघावर

लॅपटॉपच्या पडद्यावर वर मधोमध जो इवलासा कॅमेरा असतो, तो संगणकाचा भाग की त्याला जोडलेलं वेगळं उपकरण? एकाच कवचात बसलाय, म्हणून आपण त्याला भागच धरतो. पण बहुतेक लॅपटॉपमध्ये तो आतल्या आत यूएसबीनेच जोडलेला असतो, अगदी बाहेरून लावलेल्या वेबकॅमसारखा.

तेव्हा पेरिफेरल, म्हणजे परिघावरचं उपकरण, डब्याच्या आत-बाहेर असण्यावरून ओळखता येत नाही. केंद्रात दोघंच: प्रोग्राम चालवणारा प्रोसेसर (म्हणजेच सीपीयू) आणि चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवणारी रॅम. कीबोर्ड, माउस, मॉनिटर, प्रिंटर हे सगळे परिघावरचे. या हिशेबाने हार्ड डिस्कसुद्धा परिघावरच जाते, आणि इथे पुष्कळ जण अडतात. (अख्ख्या कॅबिनेटला ‘सीपीयू’ म्हणायची सवय याला बरीच कारणीभूत असावी.) पण डिस्कवरचा प्रोग्राम प्रोसेसरला थेट चालवता येत नाही. प्रोसेसर डिस्कच्या कंट्रोलरकडे, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपकडे, मागणी नोंदवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. माहिती रॅममध्ये येऊन पडली की कंट्रोलर ‘इंटरप्ट’, म्हणजे काम मध्येच थांबवणारा इशारा, पाठवून प्रोसेसरला हटकतो.

परिघावरचा म्हणजे दुबळा, असंही नाही. ॲपलच्या १९८५ सालच्या लेझररायटर प्रिंटरमधला प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झवर चालायचा. ज्या मॅकिंटॉशला तो जोडत, त्यातला त्याच जातीचा प्रोसेसर जेमतेम ८ मेगाहर्ट्झचा! तरी पेरिफेरल प्रिंटरच, कारण काय छापायचं ते मॅकिंटॉश ठरवायचा. माझ्या मते खरी कसोटी हीच: हुकूम कोणाचा चालतो? फोटो उतरवून घ्यायला केबलने जोडलेला मोबाइल एरवी स्वतः पूर्ण संगणक असतो, पण तेवढ्यापुरता तोही परिघावर जाऊन बसतो.

यूएसबीत तर ही ओळख उपकरणाने स्वतःच सांगायची असते. ते जोडताच संगणक विचारतो, तू कोण? उपकरण आपला प्रकार सांगतं, आणि संगणक त्यावर विश्वास ठेवून योग्य तो ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण हाताळणारा प्रोग्राम, लावतो. हा विश्वास किती भाबडा आहे, ते २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ नावाच्या हल्ल्याने दाखवलं. पेनड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर, म्हणजे त्यातच भरलेला प्रोग्राम, बदललं, की तो ‘मी कीबोर्ड’ असं बेधडक सांगतो आणि तुमच्या नावाने कमांड टाइप करू लागतो.