इंग्रजी अंक आणि वाढदिवसाचे शब्द : नाशिक परिसरातील प्रारंभिक अध्यापन

इंग्रजीची तोंडओळख होत असलेल्या पहिली-दुसरीच्या मुलांना एक ते शंभर अंक आणि वाढदिवसाभोवतीचे शब्द एकत्र शिकवण्याची पद्धत. वाढदिवसात मोजण्याजोगे पुष्कळ असते : वय, तारीख, महिना, केकवरच्या मेणबत्त्या, वर्गात वाटलेली चॉकलेटे. त्यामुळे अंकांना आयता प्रसंग मिळतो आणि वाढदिवसाच्या शब्दांना वाक्यात बसायला जागा. नाशिक शहर व जिल्ह्यातील मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळांत ही जोडी सहसा पहिल्या वर्षीच वर्गात येते. तिच्यातल्या अडचणी मात्र इंग्रजीपेक्षा मराठीकडून जास्त येतात. शिक्षकाने मुलाच्या तोंडची मराठी नीट ऐकली, तर निम्म्या चुकांचा उगम तिथेच सापडतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीला सुरू होई. त्या पिढीचे मराठी अंक पाढ्यांसकट पक्के झालेले असत, आणि इंग्रजी अंक म्हणजे ओळखीच्या वस्तूंची नवी नावे एवढाच मामला होता. आता ‘तेवीस’ आणि ‘ट्वेंटी थ्री’ एकाच वर्षी, एकाच शंभर मण्यांच्या माळेवर शिकायचे असतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या अनेक मुलांची घरची बोली वेगळीच असते. त्यांच्यासाठी पुस्तकी मराठी ही दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी.

मराठीत शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक अंक स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर या सगळ्यांत दोन लपलेला आहे, पण दर वेळी निराळ्या वेषात. इंग्रजीत एक ते बारा, तेरा ते एकोणीस, वीस ते नव्वदपर्यंतची दशके आणि ‘हंड्रेड’ असे अठ्ठावीस शब्द आले की शंभरपर्यंतची गणती हातात येते. म्हणजे वीसच्या पुढे मराठी मुलाला इंग्रजी अंक मराठीपेक्षा सोपे पडतात. पालकांना हे चटकन पटत नाही, पण वर्गात ते दिसते.

अडते ते वळणावर. मराठीत एकक आधी उच्चारतात आणि दशक मागून येते : पंचवीस, म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीत तेरा ते एकोणीस हाच क्रम चालतो. ‘फोर्टीन’मध्ये चार आधी, ‘सिक्स्टीन’मध्ये सहा आधी. मूल निर्धास्त होते, आणि ‘ट्वेंटी वन’ला इंग्रजी एकदम उलटी फिरते. मग ‘पंचवीसला इंग्रजीत काय म्हणतात?’ या प्रश्नावर ‘फाइव्ह ट्वेंटी’ असे उत्तर येते, किंवा ‘ट्वेंटी थ्री’ ऐकून वहीत ३२ उमटतात. एकोणतीसची गंमत आणखी वेगळी. त्यात कानाला ‘तीस’ ऐकू येतो आणि नऊ तर मुलाला ठाऊकच असतो, त्यामुळे एकोणतीसचे ‘थर्टी नाइन’ होते. यावर उतारा म्हणजे भाषांतर विचारायचेच नाही. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सुट्या नऊ काड्या समोर ठेवाव्यात, डावीकडून बोट फिरवावे आणि मुलाने दिसेल ते म्हणावे. मराठी शब्द मध्ये आला नाही की उलटापालट होत नाही.

हाच पेच २०१९ मध्ये राज्यभर गाजला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित वाचनाबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे वाचन दिले गेले. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षपदी असलेल्या डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली. जोडाक्षरे टळतात आणि लिहिण्याचा-बोलण्याचा क्रम जुळतो, असा त्यामागचा विचार होता. विधानसभेतही त्यावर टोलेबाजी झाली. भाषेचे वळण मोडते या आक्षेपात तथ्य होते, पण मुलाला नेमके कुठे ठेचकाळते हे त्या पुस्तकाने अचूक हेरले होते, हे मान्य करायला हवे.

दुसरी अवघड जागा म्हणजे ‘टीन’ आणि ‘टी’. देवनागरीत लिहिले तर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत एका न चाच फरक उरतो, आणि मुलांच्या गलक्यात तो न विरून जातो. इंग्रजीत खरा फरक आघाताचा आहे. ‘टीन’ लांबवून त्यावर जोर देतात, ‘टी’ आखूड असते आणि जोर पहिल्या अवयवावर पडतो. पंधरा म्हणताना हात पुढे ताणायचा आणि पन्नास म्हणताना पहिल्याच अवयवावर टाळी द्यायची, अशी युक्ती पुष्कळ बाई वापरतात.

नाशिकमध्ये या सरावाला रस्त्यावरच साहित्य मिळते. नाशिकच्या गाड्यांचा क्रमांक एमएच १५, कऱ्हाडचा ५०. पिंपरी-चिंचवडचा १४, नागपूर ग्रामीणचा ४०. सोलापूरचा १३, अकोल्याचा ३०. फसवणाऱ्या तिन्ही जोड्या मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उभे राहिले तरी सापडू शकतात. लाल एसटीवर तर १४, २० आणि ४० हे आकडे हटकून दिसतात, कारण महामंडळाच्या गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत होत आली आहे. ‘फोर्टीन की फॉर्टी?’ हा खेळ शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत चालतो. नाशिकच्या पुढचे आकडेही शेजारचेच आहेत : १६ अहिल्यानगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव. मामाचे गाव जळगावला असलेले मूल ‘नाइन्टीन’ विसरत नाही.

गावांची नावेही कामाला येतात. त्र्यंबकमध्ये तीन, पंचवटीत पाच, सप्तशृंगीत सात, आणि नऊ टेकड्यांवर वसले म्हणून नाशिक ही लोकप्रिय व्युत्पत्ती धरली तर नऊसुद्धा. कुंभमेळ्याच्या चक्राचे बारा आणि पांडवलेण्यांतली चोवीस लेणी धरली की सहलीतच बरीच मोजणी होते.

नोटांचा उपयोग मात्र कमी लोकांना सुचतो. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि तिथे घरातले कोणी कामाला आहे अशी मुले त्या भागातल्या वर्गांत असतातच. सध्याच्या दहाच्या नोटेवर आंतरराष्ट्रीय १० आणि देवनागरी १० असे दोन्ही आकडे आहेत. इंग्रजी अक्षरी ‘टेन रुपीज’ आहे, आणि पंधरा भाषांच्या पट्टीत बारीक अक्षरांत मराठी ‘दहा रुपये’ही आहे. नोट बाकावर सपाट ठेवून एकाच अंकाची चार रूपे शोधायला लावली, की पहिलीचे मूल दहा मिनिटे मान वर करत नाही. दहा, वीस, पन्नास, शंभर ही इंग्रजी नावे त्यातून पक्की होतात, कारण त्यांना दुकानात किंमत असते.

आकड्यांच्या आकारांचा गोंधळ थोडक्यात सांगण्यासारखा आहे. इंग्रजी नऊ आणि मराठी एक जवळजवळ सारखे दिसतात. नवव्या वाढदिवसाच्या केकवर बेकरीवाल्याने लावलेली आकड्याची मेणबत्ती पाहून घरातले धाकटे ‘दादाला एकच वर्ष झालं?’ असे विचारते, त्यात त्याची चूक नसते. दोन्ही लिप्या सुरू असताना काही महिने फळ्याच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अंक लिहिण्याची शिस्त पाळावी लागते.

वाढदिवसाकडे वळले की पहिला अडथळा ‘किती’ या शब्दाचा येतो. किती फुगे, किती केक खाल्ला, किती वर्षांचा झालास : मराठीत एकच ‘किती’ पुरतो. इंग्रजीत त्याचे ‘हाउ मेनी’, ‘हाउ मच’ आणि ‘हाउ ओल्ड’ असे तीन तुकडे होतात. त्यातले ‘ओल्ड’ मुलांना म्हातारा या अर्थी आधीच माहीत असते, त्यामुळे ‘हाउ ओल्ड आर यू?’ला पहिल्या दिवशी खसखस पिकते. ती पिकू द्यावी. पाठ झालेल्या ‘माय एज इज सिक्स इयर्स’पेक्षा ‘आय अ‍ॅम सिक्स’ हे तीन शब्द हसतखेळत लवकर बसतात.

‘कितवा’चे दुखणे उलटे आहे. ‘हा तुझा कितवा वाढदिवस?’ असे मराठीत सहज विचारता येते, इंग्रजीत या प्रश्नाला सरळ शब्दच नाही. परिणामी मूल ‘फर्स्ट, सेकंड, थर्ड’ शिकते, पण ते उत्तर ज्याचे, तो प्रश्न त्याला कधी ऐकू येत नाही. शहाणे शिक्षक इथे मराठीत विचारतात आणि उत्तर इंग्रजीत घेतात. क्रमवाचकांची रचना मात्र दोन्ही भाषांत सारखी आहे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे वाकडे आणि पाचवापासून पुढे ‘वा’. इंग्रजीत पहिले तीन वाकडे आणि ‘फोर्थ’पासून पुढे ‘थ’. हे साम्य मुलांना दाखवले की पटकन कळते. ‘फिफ्थ’ आणि ‘ट्वेल्फ्थ’ उच्चारताना जीभ अडखळतेच, त्याला इलाज सराव.

वयाच्या बाबतीत घरची भाषा आणखी एक आकडा घुसवते. आजीच्या हिशोबात नातवाला ‘सातवं लागलं’ असते. ज्या दिवशी सहावा वाढदिवस, त्याच दिवशी सहा पूर्ण आणि सातवे सुरू. इंग्रजी फक्त पुरी झालेली वर्षे मोजते. ‘आजी सात म्हणते, बाई सहा म्हणतात’ अशी तक्रार आली तर आजीला खोटे पाडू नये. दोघींचे बरोबर आहे आणि ते पाटीवर रेघा मारून दाखवता येते.

महिन्यांची नावे मराठीने केव्हाच आपलीशी केली आहेत, त्यामुळे जानेवारी ते डिसेंबर शिकवताना फक्त उच्चार सारखे करावे लागतात. जास्त लक्ष द्यावे लागते ते ‘इन’ आणि ‘ऑन’कडे. ‘जूनमध्ये’ म्हटले तर ‘इन जून’ आणि ‘पाच जूनला’ म्हटले तर ‘ऑन फिफ्थ जून’, हा नियम मराठी प्रत्ययांवर छान बसतो. पुष्कळ वर्गांत भिंतीवर बारा डब्यांची वाढदिवसाची आगगाडी असते. प्रत्येक डब्यात त्या महिन्यात जन्मलेल्यांची नावे. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागायतदारांची मुले महिना सांगायच्या आधी हंगाम सांगतात : ‘गोडी छाटणीत’ म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास, ‘माल काढायच्या वेळी’ म्हणजे जानेवारी ते मार्च. तिथे डब्यांवर महिन्याच्या नावासोबत द्राक्षाचा घड किंवा कात्री काढलेली उपयोगी पडते.

आजोबांचा वाढदिवस विचारून या, असा गृहपाठ दिला तर मात्र सावध राहावे. जन्माची नोंद नसलेल्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी सर्रास १ जून ही तारीख टाकत. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग ‘फर्स्ट जून’ घेऊन येतो आणि आगगाडीचा एकच डबा आजोबांनी खचाखच भरतो. ‘फर्स्ट’चा सराव भरपूर होतो हा त्यातला फायदा.

शब्दसंग्रह म्हणून केक, बलून, कॅण्डल, गिफ्ट, कॅप, फ्रेंड्स एवढे सुरुवातीला पुरतात. यातले बरेच शब्द मुलांना घरी आणि चौकातल्या फलकांवरच्या ‘बड्डे’मुळे आधीच ठाऊक असतात. ‘बड्डे’चे ‘बर्थडे’ करताना मधला ‘थ’ जिभेवर आणावा लागतो. तो ‘थ्री’ आणि ‘थर्टीन’मध्येही कामाला येतो. अनेकवचन शिकवायला फुगा सर्वांत बरा, कारण फुगा-फुगे हा फरक मुलाला मराठीत दिसतो आणि ‘बलून-बलून्स’ त्यावर चढवता येतो. केकपासून सुरुवात केली तर फसते. मराठीत एक केक आणि दोन केक सारखेच, म्हणून ‘टू केक’ असेच येते.

प्रत्यक्ष वाढदिवस असलेला दिवस सर्वांत फलदायी ठरतो. गणवेशाऐवजी नवे कपडे घातलेले मूल चॉकलेटांची पिशवी घेऊन उभे राहते. एरवी ते सरळ वाटत सुटले असते. बाई त्याला थांबवतात आणि प्रत्येक बाकापाशी ‘हाउ मेनी?’ विचारायला लावतात. बाकावरची दोघे ‘टू, प्लीज’ म्हणतात. एखादा आगाऊ ‘टेन’ म्हणतो. वाटणाऱ्याला ‘नो, ओन्ली वन’ हे वाक्य कोणी शिकवलेले नसते, ते त्याला तिथे आपोआप सुचते. शेवटी पिशवीत उरलेली मोजायची : ‘थर्टी टू’ मुले, ‘फॉर्टी’ चॉकलेटे, ‘एट’ शिल्लक. ती शेजारच्या वर्गाच्या सरांना आणि शिपाईमामांना जातात.

त्या दिवशी म्हटल्या जाणाऱ्या सुपरिचित शुभेच्छागीताची चालही मुळात बालवर्गासाठीच रचलेली होती. अमेरिकेतील पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींनी १८९३ मध्ये ती सकाळच्या अभिवादनाच्या गाण्यासाठी प्रसिद्ध केली, वाढदिवसाचे शब्द तिला पुढे चिकटले. चारांपैकी तीन ओळी एकसारख्या आणि एका ओळीत मुलाचे स्वतःचे नाव, यामुळे इंग्रजीचा एकही शब्द न येणारे मूलही त्यात सामील होते.

केकवरची ज्योत फुंकायची आणि औक्षणात ज्योत उजळायची, यावर घरातली मोठी माणसे कुरकुरतात. काही वर्गांत म्हणून बाई आधी निरांजन ओवाळतात आणि ‘लॅम्प’ हा शब्द यादीत घालतात. सगळ्यांच्या घरी केक येतोच असे नाही, आणि मे महिन्यात जन्मलेल्यांच्या वाट्याला वर्गातला वाढदिवस येतच नाही. काही शाळा त्यामुळे महिन्यातून एकच दिवस ठरवतात. त्या दिवशी एक डबा पुढे येतो, त्यातली मुले रांगेत उभी राहून आपापले वय सांगतात, आणि मेच्या डब्यातली मुले जूनच्या रांगेत शेवटी उभी राहतात.