युद्धनौकांवरील बॉयलर व टर्बाइन यांच्या चाचण्या (आरंभीचा काळ)

नौदलाची वाफेवर चालणारी जहाजे ताब्यात घेण्यापूर्वी, आणि पुढे ती सेवेत असतानाही, त्यांचे बॉयलर किती वाफ देतात, त्यासाठी किती कोळसा जळतो, एंजिन किंवा टर्बाइन (वाफेच्या झोताने पाती फिरवून चालणारे यंत्र) त्या वाफेतून किती शक्ती काढते आणि त्या शक्तीने जहाज किती वेगाने जाते, हे ठरावीक पद्धतीने मोजून पाहण्याच्या कामाला यंत्रचाचणी म्हणता येईल. कोळसा, वाफ, शाफ्टवरील (प्रोपेलर किंवा चाके फिरवणाऱ्या दांड्यावरील) शक्ती आणि वेग हे एकाच साखळीचे दुवे आहेत. परंतु आरंभी त्यांतला केवळ शेवटचा, म्हणजे वेग, तेवढा थोड्याफार खात्रीने मोजता येत असे. उरलेले दुवे एकमेकांपासून सुटे करून मोजण्याची साधने पुढील सत्तर वर्षांत तयार झाली. येथे १८३० ते १९१२ या काळाचा विचार केला असून तो मुख्यतः ब्रिटिश नौदलापुरता आहे.

सुरुवातीला नौकेची खरी परीक्षा कोळशाच्या साठ्यावरच होई. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही चाकांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्या कोठ्यांत न मावणारा कोळसा इतरत्र मिळेल त्या जागी रचावा लागला होता. सुएझ गाठायला तिला ३३ दिवस लागले आणि त्यांतले सुमारे १२ दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा भरण्यातच गेले. अशा प्रवासातून एंजिन चालते की नाही हे कळे, पण जास्त कोळसा बॉयलर खातो, एंजिन वाया घालवते की चाके, याचा उलगडा त्यातून होत नसे. एंजिनाची शक्तीही त्या काळी मोजली जात नसे, ती सूत्राने ठरवली जाई. सिलिंडरमधला सरासरी दाब दर चौरस इंचाला ७ पौंड आहे असे गृहीत धरून दट्ट्याचे क्षेत्रफळ आणि त्याची गती यांवरून 'नाममात्र अश्वशक्ती' काढत. बॉयलरचे दाब वाढत गेले तसा हा आकडा खऱ्या शक्तीच्या कितीतरी मागे पडला, तरी खरेदीच्या कागदांत तो अनेक वर्षे तसाच टिकून राहिला.

या ढोबळपणाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एप्रिल १८४५ मधील 'रॅटलर' आणि 'ॲलेक्टो' यांची रस्सीखेच. रॅटलरला मळसूत्री प्रोपेलर होता, ॲलेक्टोला बाजूंची चाके. दोघींची नाममात्र शक्ती सारखीच, सुमारे २०० अश्वशक्ती. शेपटीला शेपटी बांधून दोघींनी पूर्ण जोर लावल्यावर रॅटलरने ॲलेक्टोला अडीच नॉटांहून (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) अधिक वेगाने मागे ओढत नेले. प्रोपेलरच्या विजयाची ही गोष्ट आजही सांगितली जाते, पण चाचणी म्हणून ती फारशी काटेकोर नव्हती, कारण ओढाओढीच्या वेळी रॅटलरचे एंजिन ॲलेक्टोच्या एंजिनापेक्षा बरीच अधिक शक्ती प्रत्यक्षात देत होते. त्याच वर्षी दोन्ही जहाजे जोडीने चालवून ज्या लांब शर्यती घेतल्या, त्यांतून मिळालेली माहिती खरे तर अधिक उपयोगाची होती.

एंजिनाच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याचे साधन मात्र आधीपासून अस्तित्वात होते. जेम्स वॉटचा सहायक जॉन सदर्न याने १७९६ च्या सुमारास सिलिंडरमधला दाब आणि दट्ट्याची जागा यांचा आलेख कागदावर काढणारे 'इंडिकेटर' बनवले. या आलेखाच्या क्षेत्रफळावरून सरासरी दाब कळतो. त्याला दट्ट्याचे क्षेत्रफळ, धाव आणि मिनिटातील धावांची संख्या यांनी गुणून फूट-पौंडांत आलेल्या कार्याला ३३,००० ने भागले की अश्वशक्ती मिळते. तिला 'इंडिकेटेड' अश्वशक्ती म्हणतात. जुन्या इंडिकेटरची जड स्प्रिंग वेगवान एंजिनावर थरथरत असे आणि आलेख वेडावाकडा येई. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात आलेल्या रिचर्ड्सच्या इंडिकेटरने ही अडचण बरीच कमी केली. आलेखाचा फायदा केवळ आकड्यापुरता नव्हता. झडप उशिरा उघडते आहे, वाफ दट्ट्याच्या कडेने गळते आहे किंवा संघनकातली (वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या भांड्यातली) निर्वात पोकळी अपुरी आहे, हे त्या रेषेच्या वळणावरून जाणकाराला दिसे. नाडी पाहून निदान करावे तसा हा प्रकार होता.

इंडिकेटर आणि मोजलेले पाणी यांची सांगड घालण्याचे मोठे काम अमेरिकी नौदलातील अभियंता बेंजामिन इशरवुड याने केले. १८६०–६१ च्या हिवाळ्यात ईरी येथे 'मिशिगन' या नौकेवर त्याने सिलिंडरमध्ये जाणारी वाफ दट्ट्याच्या धावेच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर बंद करून पाहिली; पुढची धाव आत कोंडलेली वाफ प्रसरण पावून पुरी होते. वाफ जितकी अधिक प्रसरण पावू द्यावी तितका कोळसा वाचेल, असे तत्कालीन सिद्धांत सांगत होता. परंतु त्या वेळच्या कमी दाबांवर ठरावीक मर्यादेपलीकडे बचत होतच नाही, कारण थंड पडलेल्या सिलिंडरच्या भिंतींवर वाफेचे पाणी होते, हे त्याच्या मोजणीत आढळले.

वेगासाठी किनाऱ्यावर 'मोजलेला मैल' आखलेला असे. किनाऱ्यावर खांबांच्या दोन जोड्या ६,०८० फूट, म्हणजे एक सागरी मैल अंतरावर उभ्या केलेल्या असत. जहाज त्यांच्या रेषेला काटकोनात धावताना एका जोडीचे खांब एकामागे एक दिसले की घड्याळ सुरू करत आणि दुसऱ्या जोडीवर थांबवत. चार मिनिटे लागली तर वेग १५ नॉट, तीन मिनिटे लागली तर २०. भरती-ओहोटीच्या प्रवाहाचा परिणाम जावा म्हणून जहाज आळीपाळीने दोन्ही दिशांना धावे, आणि प्रवाह स्वतः बदलत असल्यामुळे साधी सरासरी न घेता सरासरींची सरासरी घेत. चार फेऱ्या असतील तर पहिल्या व शेवटच्या फेरीला एकेक आणि मधल्या दोहोंना तीन-तीन असे वजन देऊन आठाने भागत. सोलेंटमधील स्टोक्स बे, टेम्सच्या मुखाजवळील मॅप्लिन सँड्स आणि क्लाइडवरील स्केलमोर्ली ही अशी प्रसिद्ध ठिकाणे होती. स्केलमोर्लीचे पाणी खोल आहे, मॅप्लिनचे उथळ. उथळ पाण्यात जहाजाच्या लाटा बदलतात आणि त्याच वेगाला वेगळी शक्ती लागते, म्हणून एका मैलावरचा आकडा दुसऱ्या मैलावरच्या आकड्याशी तुलना करण्यास नेहमीच पात्र नसे.

या मैलाकडे जातानाच नौदलातील एक मोठी दुर्घटना घडली. १४ जुलै १८७६ रोजी 'थंडरर' ही चिलखती नौका पोर्ट्समथहून स्टोक्स बेकडे पूर्ण शक्तीच्या चाचणीसाठी निघाली असताना तिचा एक बॉयलर फुटला आणि ४५ माणसे दगावली. त्या बॉयलरची वाफ बाहेर जाण्याची झडप बंद राहिली होती, सुरक्षा झडपा गंजाने अडकल्या होत्या आणि दाबमापक खरा दाब दाखवत नव्हता. बॉयलरची चाचणी म्हणजे केवळ वाफेचे मोजमाप नव्हे, तर मापकांची आणि झडपांचीही तपासणी आहे, ही गोष्ट त्यानंतर गांभीर्याने घेतली गेली. नव्या बॉयलरची ताकद तपासताना वाफ न वापरता थंड पाणी कामाच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाबाने भरण्याची रीत होती. याचे कारण साधे आहे: पाण्याच्या दाबाने पत्रा फाटला तर पाणी गळून जाते, वाफेने फाटला तर स्फोट होतो.

बॉयलरची कार्यक्षमता एक पौंड कोळशाने किती पौंड पाण्याची वाफ होते, या मापाने सांगत. आत येणारे पाणी कधी थंड, कधी कोमट आणि दाबही निरनिराळे, म्हणून सर्व निकाल २१२ अंश फॅरनहाइटच्या पाण्याची त्याच तापमानाला वाफ करण्याच्या मापावर आणून ठेवत. उत्तम कोळशाची सगळी उष्णता वापरता आली तर सुमारे १५ पौंड पाणी उकळेल, पण जहाजावर आठ-दहा पौंड मिळणे हेच चांगले मानत. उरलेली उष्णता धुराड्यातून, राखेतून आणि बॉयलरच्या पृष्ठभागातून निघून जाई. जुन्या बॉयलरना समुद्राचेच पाणी पाजत असल्यामुळे आणखी एक गळती होती. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३२ भागांत एक भाग मीठ असते. ते साचू नये म्हणून उकळते खारे पाणी अधूनमधून समुद्रात सोडावे लागे, आणि त्याबरोबर कोळशाने दिलेली उष्णताही जाई. वाफ समुद्राच्या पाण्यात न मिसळता थंड नळ्यांवर निववणाऱ्या पृष्ठ-संघनकामुळे गोडे पाणी फिरून वापरता येऊ लागले, तेव्हा ही तूट थांबली आणि दाब वाढवणेही शक्य झाले. कोळशाच्या प्रतीचा प्रश्न इतका महत्त्वाचा होता की भूशास्त्रज्ञ हेन्री डे ला बेश आणि रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांच्याकडून नौदलाने निरनिराळ्या खाणींच्या कोळशांची तुलना करवून घेतली. वेल्सचा कमी धुराचा कोळसा नौदलाचा आवडता ठरला.

१८८० च्या दशकात बॉयलर-खोली बंद करून पंख्याने हवा कोंबण्याची पद्धत आली. तीच जाळी, तोच बॉयलर, पण भट्टी भडकल्यामुळे शक्ती कितीतरी अधिक. करारांत आठ तासांची साध्या ओढीची (धुराड्याने आपोआप ओढलेल्या हवेची) आणि चार तासांची कोंबलेल्या हवेची अशा दोन चाचण्या लिहिल्या जाऊ लागल्या, आणि दुसरीचा आकडा वर्तमानपत्रांत झळकू लागला. याची किंमत नळ्यांनी मोजली: तापून-थंडावून त्यांची टोके सैल होत आणि गळू लागत. चाचणीच्या दिवसासाठी निवडलेला कोळसा, निवडक आगवाले, नुकताच स्वच्छ केलेला तळ आणि हलके ठेवलेले जहाज यांमुळे मैलावर मिळालेला वेग पुढे समुद्रावर सहसा परत दिसत नसे. ठेकेदाराला पैसे त्याच आकड्यावर मिळत असल्याने यात आश्चर्य काही नव्हते.

शतकाच्या अखेरीस वादाचा विषय झाला तो जलनलिका बॉयलरचा. यात पाणी नळ्यांत आणि ज्वाला बाहेर असल्याने वाफ लवकर तयार होते. 'पॉवरफुल' आणि 'टेरिबल' या क्रूझरांवर प्रत्येकी ४८ बेलव्हिल बॉयलर (जलनलिकांचाच एक प्रकार) बसवले गेले, आणि गळत्या व दुरुस्त्या यांवरून संसदेत व वृत्तपत्रांत काहूर उठले. १९०० मध्ये ॲडमिरल कॉम्प्टन डॉमव्हिल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने जुन्या दंडगोल बॉयलरची 'मिनर्व्हा' आणि बेलव्हिल बॉयलरची 'हायसिंथ' या सारख्या आकाराच्या क्रूझर १९०१ मध्ये जिब्राल्टरच्या मार्गावर तुलनेसाठी चालवल्या. या चाचण्यांत वेगाइतकाच कोळसा आणि बॉयलरमधील पाण्याची घट यांचा हिशेब ठेवला गेला, आणि पाण्याची घट बेलव्हिलमध्ये अधिक आढळली. जलनलिका पद्धत ठेवावी पण बेलव्हिलचा आग्रह सोडावा, असा समितीचा निष्कर्ष निघाला. पुढे बॅबकॉक-विल्कॉक्स आणि यारो हे प्रकार नौदलात रुळले.

वेग आणि शक्ती यांचे नाते उलगडण्यात विल्यम फ्रूड याचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्याने १८७१ मध्ये 'ग्रेहाउंड' नौका दुसऱ्या नौकेने ओढवून जहाजाच्या नुसत्या कायेला पाण्याचा होणारा रोध मोजला आणि पुढील वर्षी टॉर्की येथे प्रतिकृती ओढण्याचा हौद उभारला. त्याच सुमारास क्लाइडवरील विल्यम डेनी याने केवळ सर्वोच्च वेगावर न थांबता कमी वेगापासून पायरीपायरीने फेऱ्या घेण्याचा परिपाठ घातला. 'आयरिस' या नौकेच्या बाबतीत याचे फळ लगेच दिसले. १८७७ मध्ये ती अपेक्षेपेक्षा बरीच मागे, साडेसोळा नॉटांच्या आसपास अडकली. प्रोपेलर बदलल्यावर जवळपास त्याच शक्तीवर तिने साडेअठरा नॉट ओलांडले. दोष एंजिनात किंवा बॉयलरमध्ये नव्हताच.

हाच प्रश्न टर्बाइनने अधिक तीव्रपणे पुढे आणला. चार्ल्स पार्सन्सची 'टर्बिनिया' १८९४ मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा एकाच शाफ्टवर तिला वीस नॉटही गाठता येईनात. टर्बाइनला दट्ट्या नसतो, त्यामुळे इंडिकेटरचा येथे काहीच उपयोग नाही. टर्बाइन शक्ती देत नाही की प्रोपेलर ती वाया घालवतो, हे कोणी सांगावे? पार्सन्सने टर्बाइन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये स्प्रिंगचे पीळमापक बसवून शाफ्टवरचा पीळ थेट मोजला. टर्बाइन निर्दोष ठरली. फार वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पाठीमागे पाण्यात पोकळ्या पडत होत्या; या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. त्याने लहान हौदात गरम पाण्यात छोटे प्रोपेलर फिरवून आणि क्षणिक प्रकाशझोतांत त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहून खात्री करून घेतली. तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन प्रोपेलर अशी रचना केल्यावर टर्बिनियाने ३० नॉटांचा पल्ला ओलांडला. १८९७ च्या वसंतात प्राध्यापक जे. ए. युइंग यांनी तिची स्वतंत्र चाचणी घेतली, आणि २६ जून १८९७ रोजी स्पिटहेडच्या नौदल संचलनात ती जहाजांच्या रांगांमधून धावली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

टर्बाइनच्या पहिल्या विनाशिकांपैकी 'व्हायपर' आणि 'कोब्रा' या दोन्ही १९०१ मध्ये बुडाल्या, पण त्यांत टर्बाइनचा दोष नव्हता. नौदलाला हवी असलेली तुलना १९०४ मध्ये झाली. एकाच वर्गाच्या चार क्रूझरांपैकी 'ॲमेथिस्ट' हिला टर्बाइन आणि 'टोपाझ' व इतर दोघींना दट्ट्याची एंजिने बसवली होती. संघनकातून परत येणारे पाणी टाक्यांत मोजून वाफेचा खर्च काढल्यामुळे इंडिकेटरविनाही हिशेब जुळवता आला. ॲमेथिस्टने २३.६ नॉट गाठले, टोपाझ २२ च्या थोडी पुढे गेली. तथापि १० नॉटांवर टर्बाइन अधिक वाफ खात होती. सुमारे १४ नॉटांच्या पुढे मात्र पारडे तिच्याकडे झुकले आणि वेग वाढेल तसा फरक वाढत गेला. शांततेच्या काळात नौका बहुतांश वेळ संथ गतीनेच फिरते, म्हणून हा निकाल निखळ विजय नव्हता. तरीही १९०६ च्या 'ड्रेडनॉट'वर १८ बॅबकॉक बॉयलर आणि २३,००० अश्वशक्तीच्या पार्सन्स टर्बाइन बसल्या, आणि ऑक्टोबरमधील चाचण्यांत तिने २१ नॉटांचा अपेक्षित वेग पार केला.

हे २३,००० म्हणजे शाफ्टवरची अश्वशक्ती होय. इंडिकेटेड अश्वशक्तीशी तिची थेट बरोबरी करणे चुकीचे, कारण दट्ट्याच्या एंजिनाचे घर्षण इंडिकेटेड आकड्यातून वजा झालेले नसते. शाफ्टवरची शक्ती मोजण्यासाठी डेनी-जॉन्सन, हॉपकिन्सन-थ्रिंग, जर्मनीत फॉटिंगर यांची पीळमापके वापरात आली. फिरत्या शाफ्टच्या दोन जागांमधला अंशाच्या भागाइतका पीळ आरशांनी, विद्युत् संकेतांनी किंवा तरफांनी वाढवून वाचायचा, आणि बसवण्याआधी त्याच शाफ्टला एका टोकाला आवळून दुसऱ्या टोकाच्या तरफेवर वजने टांगून त्याचा ताठपणा ठरवून ठेवायचा, अशी ही पद्धत होती.

संथ गतीला टर्बाइन का खर्चिक, याचे उत्तर तिच्या आणि प्रोपेलरच्या फेऱ्यांतील विसंगतीत होते: टर्बाइन वेगाने फिरली तर काटकसरीची, प्रोपेलर संथ फिरला तर. १९०९ मध्ये पार्सन्सने 'व्हेस्पेशियन' हे जुने मालवाहू जहाज घेतले, त्याचे दट्ट्याचे एंजिन नीट दुरुस्त करून कोळसा व पाणी मोजले, मग तेच बॉयलर आणि तोच प्रोपेलर ठेवून केवळ एंजिनाच्या जागी दातेरी चाकांनी वेग उतरवणारी टर्बाइन बसवली. खर्चात सुमारे १५ टक्के बचत झाली. इतर सर्व दुवे तसेच ठेवून एकच बदललेला असल्यामुळे या आकड्यावर वाद घालण्यास जागा उरली नाही. त्यानंतर ब्रिटिश नौदलाने 'बॅजर' आणि 'बीव्हर' या विनाशिकांत दातेरी चाकांची अंशतः जोडणी करून पाहिली.